रुमालांची परेड

हॉस्पिटलात नोकरी केलेल्या बायका एकत्र आल्या की पहिली दहा मिनिटं गुडघेदुखीत जातात. मग कोणीतरी म्हणतं, "ए, ती दोन रुमालवाली आठवते का गं?" आणि गुडघे बाजूला राहतात. हे किस्से कोणी मुद्दाम जपून ठेवलेले नसतात. जुन्या युनिफॉर्मच्या खिशात सेफ्टी पिना सापडाव्यात तसे ते एकेक निघत राहतात. हसायला येतं, आणि एखादी पिन टोचतेही. मी सगळे सांगते, फक्त शेवटचा आजवर कोणाला सांगितलेला नाही.

आमचं हॉस्पिटल अंधेरीत होतं. एका ट्रस्टचं, दोन मजली, छोटंसं. आता तिथे टॉवर आहे. ऐंशीच्या दशकात मी तिथे लहान मुलांच्या वॉर्डात स्टाफ नर्स होते. नाव नलिनी, पण सगळे नलूसिस्टर म्हणायचे. वीस कॉट, अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी दोन काचेच्या पेट्या, एक भरलेला ऑक्सिजनचा सिलिंडर आणि एक ‘उद्या नक्की येतोय’ असा. थंडी पडली की वॉर्ड धापा टाकणाऱ्या तान्ह्या मुलांनी भरून जायचा. तीन-तीन महिन्यांची पोरं! दूध ओढायला गेली की श्वास पुरत नाही, म्हणून रडतात. रडलं की आणखी पुरत नाही.

* * *

वॉर्डाच्या इनचार्ज होत्या डिमेलो सिस्टर. वांद्र्याच्या. आम्ही त्यांना मोठ्या सिस्टर म्हणायचो. कडक इस्त्रीचा पांढरा ड्रेस आणि त्याहून कडक मराठी.

त्यांचा एक नियम होता. घरून येणाऱ्या प्रत्येक आईने सकाळी दारात उभं राहायचं आणि आपला रुमाल दाखवायचा. कोरडा असेल तर हात साबणाने धुऊन आत. ओला असेल तर तोंडाला फडकं बांधून बाहेरच्या बाकावर. रजिस्टरमध्ये नावापुढे लिहायचं, ‘कोरडा’ किंवा ‘ओला’. दारावर शिंदेमामा वॉचमन. ते ओरडायचे, "रुमाल काढा! परेड!"

एकदा ट्रस्टचे एक मोठे साहेब तपासणीला आले. रजिस्टर चाळून म्हणाले, "सिस्टर, हा काय प्रकार आहे? सर्दी आहे का, असं तोंडाने विचारता येत नाही?"

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "साहेब, तोंड खोटं बोलतं. रुमाल नाही बोलत. तुमचा दाखवा."

साहेबांना बाकावर बसावं लागलं!

* * *

पण रुमालही खोटं बोलू शकतो, हे आम्हाला मरोळच्या एका बाईने शिकवलं. तिचा दोन महिन्यांचा मुलगा होता आमच्याकडे. परेडीत बाईचा रुमाल कोरडा ठणठणीत. आत गेली, चार पावलं टाकली आणि अशी शिंकली की दोन पोरं दचकून उठली. नाक पुसायला तिने पोलक्यातून दुसरा रुमाल काढला. पिळला असता तर पाणी गळलं असतं.

मोठ्या सिस्टर तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "हा कुठला?"

"हा... हा माझा नाही."

"मग नाक कोणाचं आहे?"

सगळा वॉर्ड हसला. बाईसुद्धा हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. म्हणाली, "सिस्टर, मला बाहेर बसवलं तर त्याला पाजणार कोण? बाटली तोंडात धरत नाही तो."

मोठ्या सिस्टरांनी स्वतःच्या हाताने तिच्या तोंडाला फडकं बांधलं, कोपरापर्यंत हात धुवायला लावले आणि तिचं पाजून होईपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून निम्म्या आया दोन रुमाल आणायला लागल्या. एक दाखवायचा, एक वापरायचा. आम्हाला माहीत होतं. मोठ्या सिस्टरांनाही माहीत होतं.

आमचे रुमाल मात्र कोणी बघत नव्हतं. आम्ही स्टाफ ना!

* * *

डॉक्टर कर्णिक तेव्हा नवीन होते. परदेशी मासिकं वाचायचे आणि वाचलेलं कोणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना चहा जात नसे. त्या दिवशी तावडीत सापडली मथुरामावशी. मावशी आमची आयाबाई. राहायला घाटकोपरला, गाव साताऱ्याकडचं, आणि घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली तिन्ही मुलींची बक्षिसं मांडलेली. शिक्षणाचं तिला भारी कौतुक.

डॉक्टर म्हणाले, "मावशी, ही पोरं धापा टाकतात ना, त्यातल्या बहुतेकांना एकाच विषाणूची लागण होते. रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस."

मावशीने ते नाव तीनदा म्हणवून घेतलं. मग विचारलं, "तपासायचं कसं?"

"आपल्याकडे सोय नाही."

"औषध?"

"तसं नाही. ऑक्सिजन द्यायचा, पाणी कमी पडू द्यायचं नाही, वाट बघायची."

"आधीच होऊ नये म्हणून सुई?"

"तीही नाही. हात धुवायचे. सर्दीवाल्याने बाळापासून लांब राहायचं. घरात धूर करायचा नाही. एवढंच."

मावशीने फडकं पिळलं आणि म्हणाली, "म्हणजे एवढे शिकलात तुम्ही, आणि अजून नुसतं नावच ठेवलंय होय त्याचं!"

डॉक्टरांचा चहा तसाच राहिला. आता म्हणे त्यावर सुया निघाल्यात. पोटुशीला देतात, तान्ह्याला देतात, म्हाताऱ्यांनाही देतात. ते ऐकलं तेव्हा मला सगळ्यात आधी मथुरामावशी आठवली. तिला सांगायला हवं होतं.

* * *

त्याच थंडीत शिंदेमामा आजारी पडले. मामा साठीला टेकलेले, जुना दमा. दारावर बसून दिवसभर पोरांच्या आयांशी गप्पा, कोणाचं पोर धर, कोणाला खेळव. चार दिवस नाक वाहिलं, मग धाप लागली आणि त्यांना वरच्या मजल्यावर पुरुषांच्या वॉर्डात ठेवलं.

मी बघायला गेले तेव्हा डॉक्टर कर्णिक त्यांना समजावत होते. "मामा, हा खाली पोरांना होतो तोच असणार. वर्षाच्या आतलं पोर आणि वय झालेला माणूस, या दोघांच्या छातीत उतरतो. मधल्यांचं नुसतं नाक गळतं. आणि हे मधलेच तो सगळीकडे पोचवतात."

मामांनी नाकातली नळी सरळ केली. म्हणाले, "पोरांचा आजार झालाय ना? मग मला खाली पोरांच्यात ठेवा. इथे सगळे म्हातारे खोकतात हो!"

आम्ही हसलो. मामा वाचले, पण दारावर परत काही आले नाहीत. त्यांचं स्टूल बरेच दिवस तिथेच होतं आणि त्यावर कोणी बसत नसे. ‘मधलेच पोचवतात’ हे वाक्य मी त्या दिवशी कानांनी ऐकलं. फक्त कानांनी.

* * *

पुढच्या वर्षी गणपती झाल्यावर यमुना आली. वर्सोव्याची कोळीण, बावीस-तेवीसची. नवऱ्याची होडी, सासूचा मासळीचा धंदा. तीन वेळा पोट राहून गेलेलं, चौथ्या खेपेला सातव्या महिन्यात मुलगी झाली. एवढीशी! मथुरामावशीने पेटीत डोकावून बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई, ही तर मुंगी." तेच नाव पडलं.

मुंगी पेटीत अडीच महिने राहिली. यमुना रोज सकाळी वर्सोव्याहून यायची, परेडीत उभी राहायची, दूध काढून द्यायची. मुंगीचं वजन थेंबाथेंबाने वाढायचं आणि ज्या दिवशी वाढेल त्या दिवशी वॉर्डात सगळ्यांना चहा गोड लागायचा.

डॉक्टर कर्णिक यमुनाला शिकवायला बसले. घरी गेल्यावर श्वास कसे मोजायचे, एका मिनिटात किती झाले तर पळत यायचं. यमुना म्हणाली, "घड्याल नाय आमच्या घरात."

"बरं. मग पोट बघायचं. श्वास घेताना बरगड्यांच्या खाली खड्डा पडायला लागला, नाकपुड्या फुलायला लागल्या..."

"समजलं," यमुना म्हणाली. "होडीत टाकलेल्या मासलीचे कल्ले उघडझाप करतान, तसं."

त्यानंतर डॉक्टर सगळ्या आयांना तसंच सांगायचे. अगदी शाकाहारी आयांनासुद्धा!

* * *

यमुनाच्या सासूला सगळे आये म्हणत. आवाज असा की बाजारातलं गिऱ्हाईक परत फिरावं. एक दिवस भेटीच्या वेळेला ती पदराखाली काहीतरी झाकून आली. मी दूध मोजत होते. एकदम ओव्याचा आणि वावडिंगाचा वास आला. बघते तर आयेने मुंगीच्या पेटीशेजारी मातीची शेगडी ठेवलेली, निखाऱ्यांवर धुरी टाकलेली, आणि हातभर अंतरावर ऑक्सिजनचा सिलिंडर!

मोठ्या सिस्टरांना त्या दिवशी पहिल्यांदा पळताना बघितलं. पाण्याचा जग अख्खा शेगडीवर ओतला. मग दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या.

आये म्हणाली, "मना शिकवतेस? माझ्या सात पोरांना दिलीय मी धुरी!"

"सातांतली जगली किती?"

आये म्हणाली, "चार."

सिस्टर खाली वाकल्या आणि फरशीवरचे ओले कोळसे स्वतःच्या हाताने शेगडीत भरायला लागल्या. आयेही शेजारी बसली आणि भरू लागली. त्यानंतर तिने पुन्हा कधी धुरीचं नाव काढलं नाही.

* * *

आता फेरीचं सांगते. ही फेरी मीच सुरू केलेली.

जे पोर महिन्याच्या वर आमच्याकडे राहून घरी जाई, त्याची जायच्या दिवशी फेरी निघायची. मोठ्या सिस्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांच्या हातांतून ते जायचं. प्रत्येकाने एक पापा घ्यायचा आणि एक वाक्य बोलायचं. एवढ्या कडक मोठ्या सिस्टर, पण फेरीला त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. किती पोरं तशीच, फेरीशिवाय, खालच्या खोलीत गेलेली असायची. जे जिवंत घरी जातंय त्याला हातात घ्यावंसं वाटे, दुसरं काही नाही.

मुंगीच्या फेरीच्या वेळी मला दोन दिवस सर्दी होती. ताप नाही, काही नाही, नुसतं नाक. दोन जणी रजेवर होत्या. आणि खरं सांगू? रजा मिळाली असती तरी मी घेतली नसती. अडीच महिने त्या पोरीला ड्रॉपरने दूध पाजलं होतं मी. तिची फेरी मी चुकवणार?

सकाळी परेड मीच घेतली. यमुनाने रुमाल पुढे केला. नवा होता, पिवळ्या फुलांचा, इस्त्री करून चार घड्या घातलेला. मी उलगडून बघितला, ‘कोरडा’ असं लिहिलं आणि लिहिताना नाक वर ओढलं. माझा रुमाल माझ्या कमरेला होता. चिंब.

फेरी निघाली. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "मोठी हो आणि वांद्र्याला माझ्याकडे जेवायला ये." मावशी म्हणाली, "खूप शिक, आणि ह्या डॉक्टरांना औषध शोधून दे." डॉक्टर कर्णिक लाजले आणि म्हणाले, "वजन वाढव." शेवटी माझा नंबर. मी पापा घेतला, तोंड फिरवलं आणि शिंकले.

आये दारातून ओरडली, "शिंक झाली! थांबा! निघताना शिंक झाली, बसा सगली. पानी पिऊन मग निघू." शिंकेवर निघायचं नाही, हे तर आम्हा सगळ्यांनाच लहानपणापासून ठाऊक. मोठ्या सिस्टरही बसल्या. पाण्याचा तांब्या फिरला. अपशकुन टळेपर्यंत आम्ही सगळे बाकांवर बसून राहिलो, पाच मिनिटं, सात मिनिटं. आणि तेवढा सगळा वेळ मुंगी माझ्या मांडीवर होती. तिने माझं बोट धरलं होतं.

* * *

सहाव्या दिवशी दुपारी यमुना रिक्षातून उतरली ती धावतच आली. दारात माझ्या हातात गठुळं दिलं आणि एकच शब्द बोलली.

"कल्ले."

तीन दिवस. डोक्यावर ऑक्सिजनचा प्लास्टिकचा डबा, हाताला सलाईन. डॉक्टर कर्णिक घरी गेले नाहीत. ‘उद्या येणारा’ सिलिंडर त्या वेळी खरंच आला, पण उपयोग झाला नाही. तिसऱ्या दिवशी, भेटीची घंटा वाजत असताना, मुंगी दमली आणि थांबली.

आये भिंतीला टेकून म्हणत होती, "निघताना शिंक झाली व्हती. मी सगल्यांना बसवलं, पानी पाजलं, तरी नडली."

आयेला सगळे समजावत होते की असं काही नसतं, शिंकेने काही होत नाही. मी समजावलं नाही.

कोणाकडून कोणाला लागलं हे सांगणारी तपासणी आमच्याकडे नव्हती. यमुनाच्या घरीही त्या आठवड्यात सगळी गल्ली बाळाला बघून गेली असणार, पापे घेऊन गेली असणार. हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल! ते पटत नाही ते नाहीच.

* * *

दुसऱ्या दिवशी मोठ्या सिस्टरांनी सगळ्यांना ड्यूटी रूममध्ये बोलावलं. दार लावलं. "फेरीच्या दिवशी सर्दी कोणाला होती?"

मावशी जमिनीकडे बघत होती, डॉक्टर खिडकीकडे. मी मोठ्या सिस्टरांच्या बुटांकडे. माझा रुमाल अजून कमरेला होता, आता वाळलेला.

त्या म्हणाल्या, "कोणालाच नव्हती? ठीक आहे. मग देवाला असेल."

दुसऱ्या दिवसापासून परेड बदलली. आधी स्टाफचे रुमाल, मग आयांचे. पहिला रुमाल मोठ्या सिस्टरांनी स्वतःचा काढून दाखवला. ज्याचा ओला, तो त्या दिवशी पोरांना हात लावणार नाही, मग रजेवर कितीही जण असोत. फेरी बंद झाली. आणि स्टाफच्या रुमालांचं रजिस्टर त्यांनी माझ्याच हातात दिलं. त्यांना कळलं होतं की नाही, हे मी त्यांना शेवटपर्यंत विचारलं नाही.

* * *

दोन वर्षांनी यमुना हॉस्पिटलच्या दारात उभी. पूर्ण दिवसांचा मुलगा झाला होता, घरी सगळं ठीक होतं. बारशाचं बोलावणं घेऊन आली होती. "तुमी यायचंच, सिस्टर."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणाले.

वर्सोव्याला खाडीच्या बाजूला तिचं घर. बाहेर बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घातलेले. दारात ही गर्दी! आणि गर्दी आत सरकत का नाही म्हणून बघितलं, तर उंबऱ्यावर पाट टाकून आये बसलेली. शेजारी पाण्याची बादली आणि साबण.

"रुमाल दाव! तुझा पन दाव! तू शेंबडी हायेस, तू बाहेर बस. दुरून गानं बोल!"

अख्खी गल्ली कुरकुरत होती, पण एकेक जण रुमाल काढत होता, हात धुवत होता. मी पुढे झाले. आयेने मला ओळखलं, तरी माझाही रुमाल उलगडून बघितला. "कोरडा. जा."

आत पाळणा सजवलेला. धुरीचा वास कुठेच नव्हता. मी दाराजवळच्या भिंतीशी उभी राहिले, दोन्ही हात पाठीमागे. यमुना बाळाला घेऊन आली.

"घ्या ना, सिस्टर."

"नको गं. मी इथूनच बघते. छान आहे."

"सर्दी हाय?"

"नाही."

ती तशीच उभी. बायका पाळणा म्हणायला लागल्या होत्या. मी म्हटलं, "यमुना, मुंगीच्या फेरीच्या दिवशी मी..."

"त्या दिवशी मना सर्दी व्हती," ती म्हणाली.

"नाही गं. तुझा रुमाल मी स्वतः बघितला होता. पिवळ्या फुलांचा. इस्त्रीची घडी होती. मीच लिहिलं, कोरडा."

"तो दावायचा," यमुना म्हणाली. "दुसरा पोलक्यात व्हता."

आणि मी हात पुढे करेपर्यंत तिने पोर माझ्या कुशीत दिलं होतं.